मूळपुरुषाला पगडी का नाही

तुम्ही चहा घेताय, मीही घेतोय, तर आता सांगूनच टाकतो. नाहीतरी माझी ही फजिती पाचशे प्रतींत छापून झाली आहे. जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत, वर सोनेरी अक्षरं. मी नाही सांगितली तर दुसरं कोणीतरी तिखटमीठ लावून सांगणारच. माझ्या तोंडून ऐकलीत तर निदान तिखट घरचं असेल.

मी रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. आमच्याकडे निवृत्त माणसाला दोन रस्ते असतात. एक, सकाळी भाट्याच्या पुळणीवर चालायला जायचं. दोन, घराण्याचा कुलवृत्तांत काढायचा. माझे गुडघे दुखतात.

ज्यांच्या घराण्याला ही लागण झालेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुलवृत्तांत म्हणजे एका आडनावाच्या सगळ्या माणसांचं जाडजूड पुस्तक. कोण कोणाचा मुलगा, कोण कुठे चिकटला, कोणाची मुलगी कुठे दिली. एरवी एकमेकांच्या घरी पाणीही न पिणारी माणसं त्यात अगदी खेटून छापलेली असतात. आमच्या कुलवृत्तांताची पहिली आवृत्ती चाळीसेक वर्षांपूर्वी निघाली. दुसरी काढायचं ठरलं तेव्हा संपादक म्हणून माझं नाव पुढे आलं, कारण मी पुष्कळ वाचतो असा घराण्यात समज आहे. तो मीच पसरवलेला आहे.

पहिल्या आवृत्तीत पहिल्याच पानावर एक लंबगोल चौकट होती. वेलबुट्टी काढलेली, आणि आत काही नाही. खाली लिहिलेलं, ‘मूळपुरुष विसाजी. चित्र उपलब्ध नाही.’ हे विसाजी पावणेदोनशे वर्षांपूर्वी गणपतीपुळ्याच्या बाजूला आले, कातळ फोडून त्यात माती भरली आणि घराण्यातली पहिली आंब्याची बाग उभी केली. त्यांचा चेहरा कोणी पाहिलेला नव्हता. ती रिकामी चौकट मला तेव्हापासून खुपायची. कारकुनाला रिकामा रकाना सहन होत नाही हो. काहीतरी भरावंच लागतं.

तर एके सकाळी मालूताई आली.

मालूताई माझी चुलत बहीण. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, म्हणजे आता एक्क्याऐंशीची. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, लग्न केलं नाही, मारुती मंदिराच्या मागे एकटी राहते. तिचे वडील म्हणजे माझे चुलते तात्या. ते मालवाहू बोटीवर इंजिनखोलीत होते. वर्षातले दहा महिने समुद्रावर, दोन महिने घरी. घराण्यात त्यांची प्रतिष्ठा बेताचीच. बाकीच्यांनी परगावी जाऊन बंगले बांधले, तात्यांनी नुसतं जग पाहिलं, असं म्हणायचे. पहिल्या आवृत्तीत त्यांच्याबद्दल एकच वाक्य होतं: ‘हे बोटीवर होते.’ त्याच पानावर आमच्या एका काकांना, जे आयुष्यभर तलाठी होते, पाऊण पान होतं.

ताई खुर्चीवर बसली, पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, “बापू, माझं एकच काम आहे. तात्यांचं ते वाक्य जरा वाढव. माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे. नंतर कोण करणार? माझ्यामागे त्यांचं नाव घेणारं कोणी नाही रे.”

“वाढवू की ताई. काय घालू?”

“तेच सांगायला आले.” तिने पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. “हे तात्यांच्या ट्रंकेत होतं. ते जपायचे फार. प्रत्येक सफरीला बरोबर न्यायचे. ते म्हणायचे...”

मी पुरचुंडी उघडली होती. आत तळहाताएवढी एक डबी. वर चामडं, बाजूला पितळेची कडी. उघडली तर एका अंगाला मखमल आणि दुसऱ्या अंगाला काचेखाली एका माणसाचा फोटो. फार जुना. गालफडं बसलेली, ओठ घट्ट मिटलेले, कपाळ मोठं, भुवयांखाली खोल गेलेले फिक्या रंगाचे डोळे. आपल्या हापूसला कोणी ‘बरा आहे’ म्हटल्यावर बागायतदार बघतो ना, तसा बघणारा चेहरा.

“ताई,” मी म्हणालो, “हे काय आहे, तुला कल्पना आहे का?”

“अरे, तेच तर सांगते आहे. तात्या म्हणायचे...”

“थांब. तू थांब.”

आता दुर्दैव बघा. त्याच महिन्यात मी वाचनालयातून छायाचित्रणाच्या जन्माबद्दल एक पुस्तक आणलं होतं. अगदी सुरुवातीचे फोटो कागदावर नसायचे, चांदी चढवलेल्या तांब्याच्या पत्र्यावर असायचे. मखमलीच्या डबीत ठेवायचे. बसणाऱ्याला हलायची बंदी, म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावायचे, आणि म्हणून सगळ्यांचे चेहरे असे ताठ. पत्रा तिरका धरला की आरशासारखं आपलंच तोंड दिसायचं. मी डबी तिरकी धरली. दिसलं की माझं तोंड. काच कुठलीही तिरकी धरली तरी तोंड दिसतं, हे मला त्या क्षणी सुचलं नाही. पुस्तक वाचलं नसतं तर सुचलं असतं.

मग मी ताईला अर्धा तास समजावून सांगितलं. चांदी, पारा, आयोडीन, सगळं. ती दोनदा “अरे ऐक तर” म्हणाली. तिसऱ्यांदा तिने चहाचा कप खाली ठेवला आणि घड्याळाकडे पाहिलं.

“म्हणजे तात्यांचं लिहिशील ना?” जाताना एवढंच विचारलं तिने.

“अर्धं पान,” मी म्हणालो. “अर्धं पान देतो तात्यांना.”

तिचा चेहरा असा उजळला की मला माझाच अभिमान वाटला.

माझा तर्क अगदी सरळ होता. फोटो त्या काळचा. विसाजी त्या काळचे. फोटो आमच्या घराण्याच्या ट्रंकेत. डोळे घारे, आमच्यासारखे. मग दुसरं कोण असणार?

संध्याकाळी आमच्या कुलमंडळाची सभा होती. अध्यक्ष अण्णा, माझे थोरले चुलत भाऊ, पावसचे आंबा बागायतदार. आणि विद्या, माझी पुतणी, जी पुस्तकाची पानं संगणकावर लावत होती. मी डबी टेबलावर ठेवली आणि म्हणालो, “विसाजी सापडले.”

अण्णांनी चष्मा वर केला, खाली केला. “पगडी कुठाय?”

“तेव्हा फोटोला उजेड फार लागायचा, अण्णा. पगडीची सावली पडते. उतरवायला लावली असणार.”

“आणि हा कोट?”

“फोटोवाल्याचा. आजही फोटोसाठी टाय मिळतो की नाही?”

“केस कानावर आलेत.”

“शेंडी सोडली आहे.”

“मिशी?”

“सुतकात उतरवली असेल.”

अण्णांनी डबी जवळ ओढली. मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. “पण मेल्या, विसाजी मुंबईला कधी गेले फोटो काढायला? गावात तर फोटोवाला नव्हता.”

“ते मुंबईला गेले नाहीत असा काही कागद आहे?”

“नाही.”

“मग?”

चाळीस वर्षं मी सरकारात हेच केलं. जे खोडता येत नाही ते मंजूर.

विद्या मात्र फोन हातात घेऊन बसली होती. “काका, फोटोचा फोटो काढून एकदा शोधून बघू का? आता फोनवर लगेच कळतं कोण आहे ते.”

“स्वतःच्या पूर्वजाला फोनवर शोधायचं?” मी इतक्या दुखावलेल्या आवाजात विचारलं की बिचारीने फोन पर्समध्ये टाकला. मग थोड्या वेळाने, मला बरं वाटावं म्हणून, तिने विचारलं, “संगणकावर यांच्या डोक्यावर पगडी चढवून देऊ का?”

“अजिबात नको,” मी म्हणालो. “इतिहासाशी खेळ नको.”

हे वाक्य सभेच्या इतिवृत्तात नोंदवलेलं आहे. इतिवृत्त मीच लिहितो.

त्यानंतर जे सुरू झालं ते माझ्या हातात राहिलं नाही. विद्याने फोटो घराण्याच्या ग्रुपवर टाकला आणि दहा मिनिटांत अण्णांना विसाजींची हनुवटी फुटली. ते आरशासमोर उभं राहून स्वतःचा एका बाजूने फोटो काढून घेऊन आले. डोंबिवलीच्या शाखेने नाकावर हक्क सांगितला. पुण्याची शाखा म्हणाली, नाक आमचं, डोंबिवलीचं बसकं आहे. एका वहिनींनी कळवलं की आमच्या ह्यांचा स्वभाव असा का, हे लग्नानंतर पस्तीस वर्षांनी आज कळलं. सावर्ड्याच्या एका पुतण्याने तर आपल्या तीन महिन्यांच्या मुलाला कपाळावर आठ्या पडेपर्यंत रडवून शेजारी शेजारी दोन फोटो टाकले. खाली सत्तावन्न अंगठे.

मी रोज सकाळी ग्रुप उघडून बसायचो. एवढी विचारपूस मला नोकरीत कधी लाभली नव्हती.

मधे ताईचा फोन आला. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे ग्रुप बघायची आणि वाचायची तिला बंदी होती.

“बापू, तात्यांचं छापायला गेलं का रे?”

“गेलं ताई. अर्धं पान. ‘सातासमुद्रांवर त्यांनी हा ठेवा प्राणापलीकडे जपला’ असं वाक्य आहे.”

“अगो बाई. छान लिहिलंस. आणि बोट दुरुस्तीला लागली होती ते घातलंस? त्या दुकानाचं?”

“सगळं घातलंय, ताई,” मी म्हणालो, कारण मी त्याच वेळी डोंबिवलीच्या नाकावर निकाल देत होतो. कुठली बोट आणि कुठलं दुकान, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

“मग झालं,” ती म्हणाली. “आता माझी काळजी मिटली.”

पुस्तक प्रकाशनाच्या कुलमेळाव्याचा दिवस उजाडला. रत्नागिरीत एक मंगल कार्यालय घेतलेलं, अडीचशे माणसं. व्यासपीठावर विसाजींचा तीन फूट बाय चार फुटांचा फोटो, वर जरीचा पडदा, पुढे समई. पडदा बाजूला सारायचा मान अर्थातच मालूताईला, कारण ठेवा तिच्या वडिलांनी जपला होता. ती इरकली नेसून, काळा चष्मा लावून पहिल्या रांगेत बसली होती. शेजारच्या बाईला सांगत होती, “आज माझ्या तात्यांचं आहे हो.”

मी आधी वीस मिनिटं बोललो. चांदी, पारा, आयोडीन. मग अण्णांनी ताईला हात धरून वर आणलं. तिने दोरी ओढली, पडदा सरकला, टाळ्या झाल्या. अण्णांनी सोनचाफ्याचा हार फोटोला घातला. पुढच्या दोन रांगा उठून नमस्कार करायला लागल्या.

ताईने काळा चष्मा काढला. फोटोच्या अगदी जवळ गेली. मग माझ्याकडे वळली. ध्वनिक्षेपक तिच्या तोंडासमोरच होता, त्यामुळे पुढचं सगळं अडीचशे माणसांनी ऐकलं.

“बापू, ह्याला हार कशाला घातलास रे?”

“ताई, आपले मूळपुरुष...”

“मूळपुरुष कुठला मेल्या? हा अमेरिकेतला आहे.”



आता विद्याला कोण अडवणार? तिने फोन काढला, फोटोसमोर धरला, आणि चार सेकंदांत माझ्या सहा महिन्यांच्या संशोधनाचा निकाल लागला. तो तिकडचा एकोणिसाव्या शतकातला एक मोठा पुढारी निघाला. नाव सांगत नाही, त्याच्या वारसांना कळलं तर ते आमच्याकडे कुलवृत्तांत मागतील. भाषणं फार करायचा. देशाचा अध्यक्ष व्हावं म्हणून एकापेक्षा जास्त वेळा धडपडला आणि प्रत्येक वेळी पडला.

“पडला काय?” ग्रामपंचायतीला दोनदा पडलेले अण्णा हळूच म्हणाले. “मग आपलाच म्हणायचा.”

आणि मग सभागृह जे हसलं ते थांबेना. डोंबिवली हसली, पुणं हसलं. सावर्ड्याचा पुतण्या मुलाला घेऊन बाहेर गेला. मीही हसलो असतो, पण माझी नजर ताईकडे गेली. ती दोन्ही हातांनी ध्वनिक्षेपकाचा दांडा धरून उभी होती. तिला वाटत होतं, लोक तात्यांना हसताहेत.

तेवढ्यात अण्णांना आपण अध्यक्ष असल्याची आठवण झाली. “हे बघ बापू, झालं ते झालं. पण पुस्तकात चूक राहता कामा नये. विसाजींचं पान आणि तात्यांचं ते अर्धं पान, दोन्ही रद्द. शुद्धिपत्र जोड. तात्यांचं जुनं वाक्य होतं ते बरोबर आहे, तेच राहू दे.”

म्हणजे परत ‘हे बोटीवर होते.’ मी तिला देऊ केलेलं अर्धं पान माझ्याच शहाणपणाने पुसलं गेलं होतं.

“अण्णा,” मी म्हणालो, “ताईला बोलू दे.” हे मी सहा महिन्यांपूर्वी म्हणायला हवं होतं.

ती बोलली. शाळेत धडा सांगावा तसं, सावकाश.

“आमचे आजोबा, म्हणजे तात्यांचे वडील. फोटो काढला की आयुष्य कमी होतं असं मानायचे, म्हणून त्यांचा फोटो नाही. ते गेले तेव्हा तात्या समुद्रावर होते. तार मिळाली ती दिवस होऊन गेल्यावर. पुढच्या वर्षी त्यांची बोट अमेरिकेत एका बंदराला दुरुस्तीला लागली. तिथे म्युझियमच्या दारात एक दुकान होतं. जुन्या फोटोंच्या नकला विकायचे. तात्यांनी ही डबी उघडली आणि तिथेच खाली बसले. आत आजोबा. तेच डोळे, तसेच ओठ मिटलेले. दुकानदार सांगतोय, हा आमचा पुढारी. तात्या म्हणाले, असेल तुमचा.”

तिने फोटोकडे हात केला.

“आजोबा तुमच्यापैकी कोणी पाहिले नाहीत. बापू तर तेव्हा जन्मलाही नव्हता. मी पाहिलेत. पडवीत असेच बसायचे. तात्यांना ठाऊक होतं हा आपला कोणी नव्हे. पण बोट सुटली की ते डबी उघडायचे आणि म्हणायचे, येतो बाबा. घरून निघताना त्यांना तेवढं म्हणायचं राहून गेलं होतं. मी हेच सांगायला बापूकडे गेले होते.”

अण्णांनी चष्मा पुसला, मग परत पुसला. हार काढायला एक जण पुढे झाला होता, त्याला त्यांनीच हाताने थांबवलं.

मी खुर्चीवरून उठलो. “शुद्धिपत्र मी ताईकडे बसून लिहीन,” म्हणालो. “ती सांगेल तेवढं. पानांची मर्यादा नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद-पेन घेऊन मी तिच्या घरी गेलो. ती सांगत होती, मी उतरवून घेत होतो. एकदाच मी तोंड उघडलं. “ताई, ते ‘डबी’ नको, त्याला शास्त्रीय नाव आहे...”

“लिही, डबी.”

लिहिली. तात्या चार पानं भरले. पाचशे प्रतींत ती पानं मीच हाताने डिंकाने चिकटवली. फोटोवर कोरा कागद डकवल्यामुळे विसाजींची चौकट आता पुन्हा रिकामी आहे, आणि मी तिच्याकडे न बघता पान उलटायला शिकलो आहे. लोक म्हणतात, अख्ख्या कुलवृत्तांतात वाचण्यासारखं तेवढंच आहे. बाकी सगळं माझं लिहिलेलं आहे.

पण ते नंतरचं. त्या सकाळी चार पानं पुरी झाल्यावर ताई म्हणाली, “शेवटी घाल, ‘वरील चूक संपादकांची आहे. त्यांनी विचारले नाही.’”

मी घातलं.

“सही कर.”

केली.

“खाली हुद्दा लिही.”

मी लिहिलं, ‘निवृत्त अव्वल कारकून’. तिने भिंग घेऊन ते वाचलं, पेन माझ्या हातातून घेतलं आणि पहिला शब्द खोडला.

“निवृत्त कशाला? आज तर पहिल्यांदा कामाला लागलास.”